निसान जीटी-आर: स्टॉक ठेवायची की मॉडिफाय करायची?

ऑगस्ट 2025 मध्ये जपानमधल्या तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची आर35, म्हणजे सध्याच्या पिढीची जीटी-आर, बाहेर पडली. 18 वर्षांत साधारण 48 हजार गाड्या झाल्या आणि आता नवी येणार नाही. म्हणजे आज जो कोणी जीटी-आर घेतो, तो वापरलेलीच घेतो, मग तो मुंबईत असो, दुबईत असो की कॅलिफोर्नियात. गाडी दारात आली की महिन्याभरात एकच विषय सुरू होतो: रिमॅप (इंजिनाच्या संगणकाच्या सेटिंग बदलणं) करू का? एक्झॉस्ट बदलू का? सगळेच करतात म्हणे!

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सला हात लावू नका. ड्रॅगसाठीच, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठीच, हवी असेल तर गिअरबॉक्सपासून सुरुवात करून पूर्ण बांधून घ्या. "थोडंसंच करतो" हा मधला मार्ग वाटतो स्वस्त, पण सर्वांत महाग तोच पडतो. असं का, ते या गाडीच्या रचनेतच आहे.

स्टॉक गाडीत मुळात काय मिळतं

3.8 लिटरचं ट्विन टर्बो व्ही6, व्हीआर38डीईटीटी. 2007 मध्ये ते 480 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) द्यायचं. 2017 च्या मॉडेलपर्यंत हा आकडा 570 पीएस आणि 637 न्यूटन-मीटर टॉर्कवर गेला, निस्मो या निसानच्या रेसिंग विभागाच्या आवृत्तीत 600 पीएसवर. डिसेंबर 2016 मध्ये दिल्लीत 1.99 कोटी एक्स-शोरूम भावाने भारतात आली ती हीच 570 पीएसची गाडी. शून्य ते शंभर तीन सेकंदांच्या आसपास.

हे इंजिन योकोहामात हाताने जोडलं जायचं. एक इंजिन, एक कारागीर. त्यांना तिथे ताकुमी म्हणतात आणि इंजिनावरच्या पट्टीवर त्या माणसाचं नाव असतं. सिलिंडरमध्ये नेहमीचे ओतीव लायनर नाहीत. प्लाझ्मा फवारून दिलेला जेमतेम 0.15 मिलिमीटरचा थर आहे. वजन वाचतं, उष्णता लवकर बाहेर पडते. पण असं इंजिन उघडायचं म्हटलं तर गल्लीतल्या रीबोअरवाल्याचं ते काम नाही, हेही तितकंच खरं.

गिअरबॉक्स इंजिनाला चिकटलेला नाही, तो मागच्या चाकांपाशी आहे. इंजिनाची ताकद एका शाफ्टने मागे जाते आणि पुढच्या चाकांचा वाटा दुसऱ्या शाफ्टने परत पुढे येतो. पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी वळणावर इतकी स्थिर का वाटते, त्याचं बरंचसं उत्तर या मांडणीत आहे. डॅशबोर्डवरचा डिस्प्ले ग्रॅन टुरिस्मो हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या पॉलिफोनी डिजिटलने तयार केलाय. त्यात बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), जी-फोर्स वगैरे बघायला मजा येतेच, पण मालकाने रोज नजर टाकावी असा आकडा एकच, गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान.

मॉडिफाय केल्यावर काय मिळतं

प्रामाणिकपणे सांगायचं तर भरपूर मिळतं, आणि फार सहज मिळतं. म्हणूनच मोह होतो. नैसर्गिक श्वासावर चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट बदलून आवाजापलीकडे फारसं हाती लागत नाही. टर्बो इंजिनात तसं नसतं. इनटेक आणि डाउनपाइप (टर्बोतून एक्झॉस्टकडे जाणारा पाइप) बदला, कॉब किंवा इक्यूटेकच्या सॉफ्टवेअरवर रिमॅप करून बूस्ट वाढवा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वेगळीच वाटते. त्यापुढे मोठे इंजेक्टर, मोठे फ्युएल पंप, मोठे टर्बो अशी पायरी चढत जाते. अमेरिकेतल्या ट्यूनर्सनी हीच गाडी पाव मैल सात सेकंदांच्या आत पळवली आहे. 2016 मध्ये अमिरातीतल्या फुजैराच्या विमानतळावर जपानी ड्रिफ्टर मासातो कावाबाताने 1,380 अश्वशक्तीच्या जीटी-आरने ताशी 304.96 किलोमीटर वेगात ड्रिफ्ट करून गिनेसमध्ये नोंद केली. या इंजिनाची कुवत वादातीत आहे.

पण त्या गाड्यांमध्ये कारखान्याचं फार थोडं शिल्लक असतं. रॉड, पिस्टन, क्लच, गिअर सगळं बदललेलं. आपण त्यांचा व्हिडिओ बघतो आणि स्वतःच्या गाडीवर स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचे बदल, करायला जातो. इथेच घोडं पेंड खातं.

गाडी तुटते ती टॉर्कने

अश्वशक्तीचा आकडा मित्रांना सांगायला असतो. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकवतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवणारा जोर. जीटी-आरचे मूळ टर्बो लहान आहेत, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच बसवलेले. ते लवकर फिरायला लागतात. त्यामुळे बूस्ट वाढवला की साडेतीन-चार हजार आरपीएमलाच टॉर्कचा डोंगर उभा राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असतो. ट्यूनर मंडळींचा ढोबळ नियम असा की 800 ते 900 न्यूटन-मीटरच्या दरम्यान मूळ रॉडची हद्द येते. चांगला ट्यूनर मधल्या आरपीएमला बूस्ट मुद्दाम दाबून ठेवतो आणि ताकद वर, सहा हजाराच्या पुढे काढतो. डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर मोठा आकडा दाखवायच्या नादात असलेला हे करत नाही. दोघांच्या कागदावरची अश्वशक्ती सारखीच दिसू शकते, म्हणून ग्राफ मागताना टॉर्कची रेषा आधी बघा.

रॉड वाचले तरी पुढे गिअरबॉक्स आहेच. जीआर6 हा ड्युअल क्लच गिअरबॉक्स वाढलेल्या टॉर्कला आधी क्लच घसरवून उत्तर देतो. घसरला की ऑइल तापतं, तापलं की ते लवकर खराब होतं, आणि मग आतल्या बारीक गोष्टी एकामागून एक बोलायला लागतात. सुरुवातीच्या वर्षांत याचे सुटे भाग मिळायची मारामार होती, अख्खा गिअरबॉक्सच बदलायची वेळ यायची. न्यूझीलंडच्या डॉडसनसारख्या कंपन्यांनी क्लच आणि गिअरचे संच बनवायला घेतले तेव्हा कुठे मार्ग निघाला.

गंमत म्हणजे यासाठी गाडी मॉडिफाय करायचीही गरज नव्हती. अमेरिकेत 2008 साली पहिल्या गाड्या गेल्या तेव्हा लोकांनी व्हीडीसी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करून लाँच कंट्रोलने (उभ्या जागेवरून झपाट्याने सुटण्याच्या सोयीने) गाड्या सोडल्या, काहींचे गिअरबॉक्स गेले, आणि निसानने वॉरंटी नाकारली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पुढच्या मॉडेलला निसानने सॉफ्टवेअर बदलून लाँचचे आरपीएम खाली आणले. पूर्ण स्टॉक गाडीत जो भाग उभ्या जागेवरून सुटताना तुटत होता, त्याच्यावर आपण शे-दोनशे न्यूटन-मीटरचा बोजा आणखी टाकणार आहोत, एवढं ध्यानात ठेवून रिमॅपचा निर्णय घ्यावा.

म्हणून माझा आग्रह आहे: स्टेज वन हा मुक्काम नाही, ती पुढच्या खर्चाची पहिली पावती आहे. रिमॅपनंतर क्लच, क्लचनंतर गिअर, मग "गिअरबॉक्स इतका भक्कम झालाच आहे तर" म्हणून टर्बो, आणि टर्बोसाठी रॉड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पेट्रोल

हा मुद्दा आपल्याकडे कोणी विचारातच घेत नाही. जपानी इंजिन उंच ऑक्टेनच्या (नॉकिंगला जास्त टिकणाऱ्या) पेट्रोलवर बेतलेलं आहे. दुबईत पंपावर 98 ऑक्टेन सहज मिळतं. भारतात 2020 च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने 100 ऑक्टेनचं एक्सपी100 आणलं, पहिल्या यादीत मुंबई आणि पुणे होतं, पण ते ठरावीक पंपांवरच. साध्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. स्टॉक गाडीला ऑक्टेन कमी पडलं तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन स्वतःला सांभाळतो, कारण कंपनीने तेवढी मोकळी जागा ठेवलेली असते. रिमॅप म्हणजे तीच जागा वापरून टाकणं. 98 वर लिहिलेला मॅप टाकून तुम्ही गोव्याला निघालात आणि वाटेत मिळेल ते भरलंत, तर नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांचा) हिशोब पिस्टनला चुकवावा लागतो. ट्यून करायचंच असेल तर तुमच्या गावात, तुम्ही रोज भरता त्या पेट्रोलवर करून घ्या. परदेशातून मेलवर आलेली फाइल कितीही मोठ्या नावाची असली तरी ती तशीच टाकू नका.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 स्पष्ट आहे. आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182ए आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन कोटींच्या गाडीच्या मालकाला पाच हजारांचं काय, असं वाटेल. खरा धोका विम्यात आहे. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या अहवालात आला की क्लेम अडकतो, आणि या गाडीचा नुसता पुढचा भाग बसला तरी रक्कम कुठच्या कुठे जाते.

कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींना तर डाउनपाइप मुळातच बाद आहे. धूर शुद्ध करणारे पहिले कॅटलिटिक कन्व्हर्टर त्यातच असतात, आणि स्मॉग चेकमध्ये (तिथल्या धूर तपासणीत) नुसत्या नजरेनेही ते पकडलं जातं. अमिरातीत परवानगीशिवाय इंजिन किंवा चासिस बदलल्यास दंड होतो, वर गाडी जप्त.

विकायची वेळ आली तर

गाडी बनणं थांबलं आहे, त्यामुळे मूळ अवस्थेतल्या गाडीला पुढे गिऱ्हाईक वाढत जाईल असं मला वाटतं. आधीच्या पिढीच्या आर34 स्कायलाइनचे भाव कसे चढले ते सगळ्यांनी पाहिलंय. मॉडिफाय केलेल्या गाडीवर घातलेले पैसे विक्रीत परत येत नाहीत. दिसण्यातले बदल वेगळे: सचिन तेंडुलकरच्या जीटी-आरवरही वाल्ड या जपानी कंपनीचं बॉडी किट होतं. किट काढता येतं, वाकलेला रॉड सरळ होत नाही. काहीही बदलाल तर काढलेला मूळ भाग खोक्यात घालून, तारीख लिहून घरी ठेवा. गॅरेजमध्ये ठेवू नका, तिथे तो वर्षभरात गायब होतो.

स्टॉक ठेवून पैसे कुठे घालावेत

स्टॉक ठेवणं म्हणजे काहीच न करणं असं नव्हे. निसानच्याच एका गाडीकडे बघा. सप्टेंबर 2013 मध्ये रेसर मिखाएल क्रुमने निस्मोमध्ये जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकची फेरी 7 मिनिटं 8.679 सेकंदांत मारली. त्या गाडीत इंजिन नेहमीचं 600 पीएसचंच होतं. वेळ कमी केला तो ओलिन्सच्या डँपरनी (सस्पेन्शनच्या शॉक अब्सॉर्बरनी), एरोच्या पंखांनी आणि मागच्या सीट काढून कमी केलेल्या वजनाने. कारखान्याच्या इंजिनिअरांनी पैसे चेसिसवर घातले, आपणही तेच करावं.

पहिला खर्च ताज्या टायरचा. कंपनीचे डनलप रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारे टायर) कडक असतात आणि जुनी, कमी चाललेली गाडी घेतली असेल तर ते वयानेच मेलेले असतात, खाचा कितीही खोल दिसोत. दुसरा खर्च ऑइलचा: इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही डिफरन्शियल, आणि ब्रेक फ्लुइड. गिअरबॉक्सचं ऑइल महाग आहे म्हणून पुढे ढकलणारे मालक मी पाहिलेत. नंतर त्यांना ते फार स्वस्त वाटतं. बुद्ध सर्किटवर किंवा चेन्नईला ट्रॅकवर नेणार असाल तर चांगले ब्रेक पॅड आणि गिअरबॉक्ससाठी ऑइल कूलर बसवा. कूलर हा या गाडीवरचा एकमेव यांत्रिक बदल, जो मी डोळे झाकून सुचवेन. त्याने ताकद एक पीएसनेही वाढत नाही, पण दहा मिनिटांनी तो तापमानाचा आकडा चढून गाडी पिटमध्ये आणावी लागत नाही.

पूर्ण मॉडिफाय कोणी करावी

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि पाव मैल हेच ज्याचं प्रेम आहे त्याने जरूर करावी. या गाडीइतकं उत्तम साहित्य त्याला दुसरं मिळणार नाही. फक्त क्रम उलटा ठेवावा: आधी गिअरबॉक्स, मग रॉड-पिस्टन, मग इंधनपुरवठा, सगळ्यात शेवटी टर्बो आणि ट्यून. रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी असावी. आणि हे इंजिन आधी उघडलेल्या माणसाचा हात तुमच्या शहरात किंवा रात्रीत पोहोचता येईल इतक्या अंतरावर असावा. भारतात निसानने या गाडीसाठी खास केंद्र काढलं ते नोएडात. पुण्याची गाडी फ्लॅटबेडवर तिथे न्यायची म्हणजे काय, याचा अंदाज करा.

त्याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे कोणीतरी आधीच नीट बांधलेली गाडी घेणं. खर्च त्याने केलेला असतो आणि भाव तुम्ही पाडून घेता. अशा गाडीची चावी हातात घेण्याआधी तीन गोष्टी मागा: गिअरबॉक्स कोणी बांधला त्याचं बिल, काढलेले मूळ भाग, आणि चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दाबून घेतलेला ताजा डेटालॉग (इंजिनाच्या संगणकातल्या नोंदी). लॉगमध्ये नॉक करेक्शन, हवा-इंधन प्रमाण आणि बूस्ट या तीन रेषा जाणकाराला दाखवा. मालक लॉग द्यायला टाळाटाळ करत असेल तर ती गाडी कितीही सुंदर वाजत असली तरी सोडून द्या.