४५० हेलीवर ऑटोरोटेशन: सात महिन्यांनंतर, आणि ती वन-वे बेअरिंग

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरची, म्हणजे हेलीची, वन-वे बेअरिंग (मोटर थांबली तरी वरचा पंखा मोकळा फिरू देणारी) सातव्या महिन्यात घसरायला लागली, म्हणून हे लिहायला घेतलं. विक्रेत्याचं उत्तर असं की ऑटोरोटेशन करताना (थोडक्यात ऑटो: मोटर बंद करून फक्त फिरत्या पंख्याच्या जोरावर उतरवताना) बिघडली तर वॉरंटी नाही. अहो, ही बेअरिंग हेलीत बसवतात तीच मुळी ऑटोसाठी! मग ती बिघडायची कुठे, शोकेसमध्ये? असो. मशीन ४५० या लहान वर्गातलं, ३२५ मिमीची कार्बन ब्लेड, बेल्टवर फिरणारी टेल (शेपटीचा छोटा पंखा), तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी. बाकीचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत.

आधी घसरण ओळखा. कलेक्टिव्ह (सगळ्या ब्लेडचा कोन, म्हणजे पिच, एकदम बदलणारी स्टिक) झटक्यात वर ओढल्यावर मोटरचा आवाज किंचाळतो आणि हेड, म्हणजे वरचा मेन रोटर, मात्र मंदावतं, ही खूण. हाताची परीक्षा सगळे सांगतात: मेन गिअर धरून ठेवायचा, हेड उडण्याच्या दिशेने मोकळं फिरलं पाहिजे आणि उलट फिरवताच अडलं पाहिजे. पण घसरणारी बेअरिंगही या परीक्षेत बिनदिक्कत पास होते, कारण ती घसरते भार आल्यावर. दोष बहुतेक वेळा ग्रीसचा. आतले सुईसारखे रोलर इवल्याशा स्प्रिंगच्या जोरावर उतारावर अडकायचे असतात. कारखान्यातून ठासलेलं घट्ट ग्रीस त्यांना अडकूच देत नाही, आणि थंडीतल्या सकाळी तर मुळीच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. कोरडी ठेवली तर आतल्या स्लीव्हवर चरे पडतात. असे चरे पडलेल्या स्लीव्हवर नवी बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन्ही एकदमच बदला.

किटवाले सुटी बेअरिंग देत नाहीत, हबसकट आख्खी असेंब्ली गळ्यात मारतात. या मशीनमधली ६ × १० × १२ मिमीची आहे. हा आकार अगदी सर्वसाधारण, फोटोकॉपी मशीनच्या रोलरमध्येही अशाच वन-वे असतात. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीकडच्या बेअरिंगवाल्याकडे एका असेंब्लीच्या पैशांत पाच-सहा आल्या. बसवताना व्हाइसमध्ये सरळ दाबा, हातोडी नको. कडेवरचा बाण बघा. उलटी बसली तर मोटर फिरत राहते आणि हेड ढिम्म. हबच्या भिंतीला रिटेनिंग कंपाउंडचा (बेअरिंग पक्की धरणाऱ्या गोंदाचा) पुसट हात पुरे. रोलरपर्यंत गेलं तर बेअरिंग कायमची गेली.

इथे मात्र एक कबुली द्यायला हवी. पहिले तीन महिने हेली दोन मीटरवरून दगडासारखी पडायची, आणि त्याचं खापरही याच बेअरिंगवर फोडलं होतं. बेअरिंगचा त्यात निम्माच वाटा निघाला. ऑटोत टेलसुद्धा मेन रोटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवरच फिरते, त्यामुळे बेल्ट ताणलेला असेल तर तो आरपीएम खात बसतो. मोजायला सोपं: जमिनीवर पूर्ण हेडस्पीड, पिच शून्य, थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा स्विच), आणि हेड थांबेपर्यंत स्टॉपवॉच. मशीन नवं असतानाचा आकडा लिहून ठेवा. तो एक-तृतीयांशाने घटला की आधी बेल्ट सैल करा, मग बेअरिंग उघडा.

दुसरा दोष अंगठ्याचा. होल्ड मारल्यावर कलेक्टिव्ह खाली यायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी ४५० माफ करत नाही. साठलेली ऊर्जा आरपीएमच्या वर्गाप्रमाणे बदलते: २४०० चे १२०० झाले की हातात फक्त पाव भाग उरतो. म्हणून वाऱ्याकडे तोंड, पंधरा-वीस मीटर उंची, पुढे चांगला वेग, होल्ड, आणि त्याच क्षणी पिच उणे तीन अंशांच्या आसपास. नाक किंचित खाली ठेवून वेग राखा. तीन मीटरवर मागे ओढून फ्लेअर केला, म्हणजे नाक वर घेतलं, की पुढचा वेग आरपीएममध्ये वळतो, हेडचा आवाज चढलेला कानाला कळतो. मग हेली सपाट करा, आणि उरलेलं पॉझिटिव्ह पिच शेवटच्या अर्ध्या मीटरसाठी. ते वर खर्चलं की खाली काही नाही. होल्डचा पिच कर्व्ह, म्हणजे स्टिकच्या तळापासून टोकापर्यंतचा पिच, उणे पाच ते अधिक बारा अंश ठेवावा. सराव उलटा करा: आधी एक फुटावर जागीच तरंगताना (हॉव्हर) होल्ड, मग एक मीटर, आणि उंचीवरून अगदी शेवटी. ४५० वर ऑटो होतच नाही असं मीही म्हणायचो. होतं, फक्त ६०० वर्गाच्या मोठ्या हेलीवर मिळते तेवढी सवड इथे मिळत नाही.

ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा) बेलआउट, म्हणजे ऑटो अर्धवट सोडून मोटर झटकन परत चालू करण्याची सोय, आधी बसवून घ्या. तो नसेल तर होल्ड काढल्यावर सॉफ्ट स्टार्ट (मोटरचा वेग हळूहळू चढवणं) दहा-बारा सेकंद घेते, आणि हेली तेवढा वेळ थांबत नाही. सॉफ्ट स्टार्टच बंद करून ठेवणारे महाभाग मेन गिअरचे दात सोलून घेतात. बऱ्याच ईएससींना होल्डमध्ये थ्रॉटल शून्यावर नको असतो, किती टक्के ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बॅटरी निम्मी असतानाच सराव संपवा, नाहीतर बेलआउटला दम राहत नाही.

आता बडोद्याचं. मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत हवा जानेवारीतल्या सकाळपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते, त्यामुळे हेली जास्त वेगाने खाली येते. फ्लेअर थोडा लवकर घ्या. पादऱ्याकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. एखाद्या भेगेत स्किड (हेलीच्या पायाची दांडी) अडकला की उतरलेली हेली घसरता घसरता कलंडते, आणि ब्लेड, फेदरिंग शाफ्ट, मेन शाफ्ट तिन्ही जातात. आखूड गवत बघूनच उतरवा. सतरंजी अंथरू नका, रोटरच्या वाऱ्याने ती उचलली जाते. शिवाय हरणी विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी हवी.

या किटला पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा फक्त सुटी बेअरिंग देत नाहीत म्हणून कापलाय.

उत्तरायण (संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण, या पतंगांच्या दोन्ही दिवशी हेली घरीच ठेवा. त्यानंतर महिनाभर गवतात मांज्याचे तुकडे पडलेले असतात, आणि घसरत उतरताना टेल रोटर ते ओढून घेतो. धागा हबच्या आत शिरला असेल तर बोटांनी ओढू नका, टेल हब उघडूनच काढा. बाहेरचा तुटतो, आतला बेअरिंगमध्ये राहतो.