फ्रीजमधली ओ पिशवी की क्रॉसमॅचची वाट?

ट्रकखाली पाय चिरडलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो. नाडी १४०, हातपाय गार. रक्त कोणतं द्यायचं?

नेहमीचा मार्ग म्हणजे नमुना घ्या, फॉर्म भरा, वॉर्डबॉय मामांना रक्तपेढीत पिटाळा. गट तपासून पूर्ण क्रॉसमॅच (रुग्णाचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहणं) होईपर्यंत पाऊण तास सहज जातो. लिफ्ट अडकली तर विचारूच नका. रक्त मात्र नीट जुळवलेलं मिळतं.

दुसरा मार्ग: कॅज्युअल्टीतल्याच फ्रीजमध्ये ओ गटाच्या लाल पेशी ठेवायच्या. काही मिनिटांत पिशवी लागते. अडचण साठ्याची. ओ निगेटिव्ह आपल्याकडे दुर्मीळच, म्हणून ते मुलींसाठी आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी राखायचं. पुरुषांना अशा वेळी ओ पॉझिटिव्ह देतात. आणि हो, नमुना पिशवी लावण्याआधीच घ्यायचा, नाहीतर पुढची गटतपासणी गोंधळते. घाईत नेमकं हेच राहतं.

माझं मत? रक्तदाब कोसळत असेल तर फ्रीज उघडा. स्थिर रुग्णासाठी क्रॉसमॅचच बरं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, मात्र दोन्हीकडे लगेच: १ ग्रॅम, १० मिनिटांत, शिरेतून. दुखापतीला ३ तास उलटले की त्याचा फायदा राहत नाही, उलट अपाय होऊ शकतो.