तिसरीतील वाचन: संपूर्ण वर्ग एकत्र की स्तरानुसार गट?

मुंबईतील मराठी शाळेत तिसरीच्या वर्गशिक्षिकेला जून महिन्यातच एक निर्णय घ्यावा लागतो. एकाच बाकावरचे एक मूल गोष्ट सलग वाचते, तर शेजारचे मूल ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही अक्षरे सुटी ओळखूनही ‘कमळ’ हा शब्द जुळवू शकत नाही. अशा वर्गाला एकच पाठ शिकवावा, वर्गातच लहान गट करावेत, की तिसरी ते पाचवीची मुले एकत्र आणून वाचनस्तरानुसार बसवावीत, असे तीन पर्याय तिच्यापुढे असतात.

पहिल्या पर्यायात पाठ्यपुस्तक वेळेत पूर्ण होते आणि सर्व मुले एकच गोष्ट ऐकतात, तिच्यावर बोलतात. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलांना मराठी कानावर पडण्यासाठी हे फार मोलाचे आहे. मात्र सामूहिक वाचनात न वाचणारे मूल सहज झाकले जाते. त्याचे बोट एका शब्दावर असते आणि तोंड दोन शब्द पुढे गेलेले असते, कारण पाठ त्याला ऐकून पाठ झालेला असतो. मधलाच एखादा शब्द दाखवून विचारल्यावर ही गोष्ट लगेच उघड होते.

वर्गातील गटांना दुसऱ्या शिक्षकाची गरज लागत नाही. शिक्षिका सहा-सात मुलांजवळ बसलेली असताना उरलेल्यांना स्वतःहून करता येईल असे काम हवे. ते नसेल तर गोंधळ वाढतो आणि पंधरवड्यात गट मोडतात. म्हणून सुरुवातीला दोनच गट करावेत, असे मला ठामपणे वाटते.

तिसऱ्या पर्यायाचे मूळ बऱ्याच अंशी मुंबईतच आहे. 1995 मध्ये येथे सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा तोंडी चाचणीने मुलांचा स्तर ठरवून शिकवण्याची पद्धत पुढे देशभर नेली. ही पद्धत देशभर जाण्याआधी, मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’च्याच ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवले जात असे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. परंतु उपक्रम थांबल्यानंतर वर्षभरात त्या लाभाचा बराचसा भाग ओसरला, हेही त्यात नोंदवले आहे. निर्णय घेताना ही दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण दोन महिन्यांची मोहीम राबवून गट बंद करण्याकडे शाळांचा कल असतो.

या पर्यायासाठी तिन्ही इयत्तांच्या शिक्षकांची तासिका एकाच वेळी हवी. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत वर्गखोल्यांचे गणित जुळवणेही सोपे नसते. शिवाय पाचवीच्या मुलाला तिसरीच्या मुलांबरोबर अक्षरगटात बसावे लागते; तेथे ‘कच्चा गट’ हा शब्द एकदा जरी उच्चारला गेला, तरी ते मूल तोंड उघडायचे थांबते.

शिक्षक एकत्र येण्यास तयार असतील, तर रोज एक तास तिसरा पर्याय आणि उरलेला वेळ संपूर्ण वर्गाला पाठ्यपुस्तक, ही मांडणी मी निवडेन. शिक्षिका एकटी असेल तर वर्गातील दोन गट योग्य ठरतील. दोन्ही ठिकाणी दर महिन्याला चाचणी घेऊन मुलांचे गट बदलावेत, आणि ‘सूर्य’, ‘पर्वत’ यांसारख्या रफाराच्या शब्दांवर अडणाऱ्या मुलाला केवळ तेवढ्यासाठी अक्षरगटात मागे पाठवू नये. त्याला परिच्छेद गटातच ठेवून जोडाक्षरांचा सराव द्यावा.