स्विस ट्रॅव्हल पास: दर वर्षभर एकच, पण वसुली महिन्यावर

स्वित्झर्लंडला कधी जायचं हे आपल्याकडे बहुतेक घरांत शाळेचं वेळापत्रक ठरवतं. परीक्षा संपल्या की मे, नाहीतर दिवाळीची सुट्टी. तारखा पक्क्या होतात, विमानाची तिकिटं निघतात आणि मग कोणीतरी सांगतं म्हणून स्विस ट्रॅव्हल पास घेतला जातो. पास उत्तमच आहे. पण त्याचा छापील दर बाराही महिने तोच असतो आणि त्यावर चालणाऱ्या बोटी, डोंगरी रेल्वे, केबलकार मात्र ऋतूप्रमाणे सुरू-बंद होतात. तेवढेच पैसे मोजून सप्टेंबरात जे पदरात पडतं त्याच्या निम्मंही नोव्हेंबरात पडत नाही. त्यामुळे या पासचं परीक्षण महिना बाजूला ठेवून करताच येत नाही.

आधी पासात काय आहे ते. सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा पास मिळतो. २०२४ मध्ये सेकंड क्लासचे दर अनुक्रमे २४४, २९५, ३७९, ४१९ आणि ४५९ फ्रँक होते. दर बदलत असतात, पण त्यांची ठेवण लक्षात घ्या: ३ दिवसांच्या पासला दिवसाकाठी ८१ फ्रँक पडतात, ८ दिवसांच्या पासला ५२. आठावरून पंधरावर जायला एकूण फक्त ४० फ्रँक जास्त. या पैशांत देशभरातल्या गाड्या, पिवळ्या पोस्टबस, सरोवरांवरच्या बोटी, ९० हून अधिक गावांतल्या ट्राम-बस आणि ५०० हून अधिक संग्रहालयं येतात. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस हे तीन डोंगर पूर्ण मोफत. टिटलिस, पिलाटस, गोर्नरग्राट यांना अर्धं तिकीट.

युंगफ्राउयोख या उंचावरच्या बर्फाळ ठिकाणाच्या बाबतीत मात्र बहुतेकांची फसगत होते. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, पुढच्या तिकिटावर फक्त २५ टक्के सवलत. ‘पास काढलाय, म्हणजे सगळे डोंगर फुकट’ असा हिशेब धरून गेलात, तर चौघांच्या कुटुंबाला तिकीट खिडकीवर चांगलाच धक्का बसतो.

आता मे महिना, कारण आपली सर्वाधिक मंडळी तेव्हाच जातात. खाली दरीत मे सुरेख असतो. कुरणं पिवळ्या फुलांनी भरलेली, दिवस मोठा, मेच्या मध्याला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. बर्फ वितळत असल्यामुळे लाउटरब्रुनेनचा २९७ मीटरचा श्टाउबबाख धबधबा जोरात असतो. सप्टेंबरात तोच बारीक धारेवर येतो. जवळच्या ट्रुमेलबाखला हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून कोसळतं, भर हंगामात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. ते पाहायला जून चांगला काळ. त्याचं तिकीट पासात येत नाही, वेगळं काढावं लागतं.

अडचण वर, डोंगरावर आहे. साधारण २,००० मीटरच्या वर मेमध्ये अजून हिवाळा रेंगाळतो. मॅन्लिखेन ते क्लायने शायडेग ही आयगर शिखराच्या समोरून जाणारी सोपी पायवाट आजी-आजोबांनाही झेपते, पण ती सहसा जूनमध्ये उघडते. फर्स्ट नावाच्या डोंगरावरून बाखाल्पसेच्या तळ्याकडे जायला बर्फ तुडवावा लागतो आणि तळंही गोठलेलं. ज्या रिफेलसेमध्ये मॅटरहॉर्नचं प्रतिबिंब दिसतं म्हणून लोक गोर्नरग्राटच्या गाडीतून मध्येच उतरतात, त्यावरही बर्फाचा थर असतो. फुर्का, ग्रिमसेल या घाटांचे रस्ते सहसा मेअखेर किंवा जूनपर्यंत बंद, म्हणून तिथल्या पोस्टबसही नाहीत. पिलाटसची ४८ टक्के चढाची दातेरी (कॉगव्हील) रेल्वे मेमध्ये कधी सुरू होते ते त्या वर्षीच्या बर्फावर. आणि एक दरी सोडून दुसरीकडे जावं म्हटलं, तर वसंतात कित्येक केबलकार दुरुस्तीसाठी बंद असतात.

बर्फच बघायचा असेल आणि चालायचं नसेल, तर मे चालेल. पण शाळेमुळे अडलेल्या घरांसाठी याहून चांगली वेळ आहे, आणि ती फारसं कोणी वापरत नाही: जूनचे पहिले दहा-बारा दिवस. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. तेवढ्या दिवसांत पिलाटसची रेल्वे सुरू झालेली असते, ब्रिएन्झ रोटहॉर्नची वाफेची गाडी बाहेर पडू लागते, खालच्या उंचीवरच्या पायवाटा मोकळ्या होतात आणि धबधबे अजून भरात असतात. पाऊस जूनमध्येही पडतो, तो धरून चाला. मेच्या पहिल्या आठवड्याऐवजी जूनचा पहिला आठवडा घेतलात, तर त्याच पैशांत बरंच जास्त हाती लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उघडं, सगळं महाग, सगळीकडे गर्दी. दुपारनंतर डोंगरावर ढग जमून गडगडाटी पाऊस येतो, म्हणून पहिल्या गाडीनेच वर जायचं. तळ्यात पोहायचं असेल तर मात्र हेच दोन महिने.

पास सर्वांत जास्त वसूल होतो तो सप्टेंबरात, ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत धरा. निवृत्त मंडळी, मुलं नसलेली जोडपी, कॉलेज संपलेली मुलं असलेली घरं यांनी मेचा विचारही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हवा जास्त स्थिर, दुपारचे गडगडाट कमी, उंचावरच्या बहुतेक वाटा कोरड्या. महिनाअखेरीसही सूर्य सव्वासातपर्यंत असतो. ब्रिएन्झच्या हिरव्यानिळ्या सरोवरावरची बोट, जी हिवाळ्यात बंद असते, ती चालू असते. उन्हाळाभर वर चरायला नेलेल्या गाई फुलांचे मुकुट आणि मोठाल्या घंटा घालून याच महिन्यात गावात उतरवतात. गावागावाच्या तारखा वेगळ्या, त्या स्थानिक पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधी पाहाव्यात. शिवाय पितृपक्षाच्या आसपास आपल्याकडे लग्नकार्यं नसतात, त्यामुळे घरातून निघणंही सोपं.

सप्टेंबरातला एक दिवस पासावर कसा जातो ते पाहा. ल्युसर्न स्टेशनासमोरच धक्का आहे. तिथून बोटीने तासाभरात फित्स्नाउ. धक्क्यापासून काही पावलांवर रिगीची लाल दातेरी गाडी उभी असते. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. चढताना डाव्या बाजूला बसा, सरोवर तिकडे दिसतं. अर्ध्या तासात १,७९८ मीटरवरचं रिगी कुल्म. उतरताना त्याच वाटेने न येता पलीकडच्या निळ्या गाडीने आर्थ-गोल्डाउला या आणि तिथून रेल्वेने ल्युसर्न. दिवसभरात एकदाही पाकिटाला हात लावावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी श्टान्सरहॉर्न: आधी १८९३ च्या फ्युनिक्युलरचा (दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेचा) लाकडी डबा, मग वरचा मजला उघडा असलेली केबलकार. वर जाणारा आतला जिना चढून लगेच गच्चीवर जागा धरा, खाली बसण्यात मजा नाही. पासाशिवाय या दोन डोंगरांना माणशी बरेच फ्रँक लागतात. ३ दिवसांच्या पासचा मोठा वाटा इथेच निघतो.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल जरा कडक बोलावं लागेल, कारण दिवाळीची तारीख दरवर्षी सरकते आणि सहलीच्या जाहिरातीत फक्त ‘दिवाळी स्पेशल’ एवढंच छापतात. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, जशी २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला आहे, तर अजून बरंच काही चालू सापडतं आणि झाडांचे रंगही मिळतात. पण २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पाससाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ तोच. ग्लेशियर एक्सप्रेस ही नावाजलेली पर्यटक रेल्वे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत धावतच नाही. ब्रिएन्झची बोट बंद, ट्रुमेलबाख बंद, श्टान्सरहॉर्न आणि पिलाटसची दातेरी रेल्वे हंगाम गुंडाळण्याच्या बेतात किंवा गुंडाळलेली. टिटलिसची केबलकारही वार्षिक दुरुस्तीसाठी सहसा नोव्हेंबरातच काही दिवस थांबते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर पाच-सव्वापाचला अंधार. शिवाय ल्युसर्न, झुरिक, बर्नवर कित्येक दिवस दाट धुकं साचून राहतं.

या धुक्याची एक चांगली बाजू आहे. ते खालीच अडकलेलं असतं, रिगीसारख्या डोंगरावर त्याच्या वर लख्ख ऊन आणि पायाशी ढगांचा समुद्र. खाली काळोखी बघून हॉटेलात बसून राहू नका, आधी डोंगरावरचा वेबकॅम उघडा. रिगी वर्षभर चालू असतो. दिवाळीतच जायचं पक्कं असेल, तर शिखरं कमी करून शहरं आणि संग्रहालयं वाढवा: झुरिकचं राष्ट्रीय संग्रहालय, माँत्रोजवळचा शियों किल्ला, दोन्ही पासात मोफत.

डिसेंबर ते मार्च बर्फात खेळायला छान, पण स्कीचे पास वेगळे आणि महाग, ते यात येत नाहीत. त्या दिवसांत एकाच गावी मुक्काम असतो, म्हणून रोज फिरण्याचा पास घेण्यात अर्थ कमी.

कोणत्याही महिन्यात गेलात तरी हवा बिघडतेच. तेव्हा पासचा खरा उपयोग कळतो, कारण साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. सकाळी सहा-सातला तीन-चार डोंगरांचे वेबकॅम बघायचे, जिथे आकाश स्वच्छ तिथे निघायचं. म्हणून युंगफ्राउयोखचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवू नका. आठ दिवसांत उंच डोंगरासाठी दोन मोकळे दिवस राखा आणि आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी तिकीट घ्या. उन्हाळ्याच्या हंगामात तिकीट घेतानाच जागेचं आरक्षणही करून टाकणं शहाणपणाचं. ३,४५४ मीटरवर दम लागतो, जिने सावकाश चढा, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

काही ठिकाणी हमखास चुकतं. ग्लेशियर आणि बर्निना एक्सप्रेसला पास चालतो, पण जागेचं आरक्षण सक्तीचं आणि वेगळे पैसे देऊन. ते मिळालं नाही, तर त्याच रुळांवरून साध्या गाड्या धावतात, त्यांना आरक्षण नाही आणि त्यांच्या खिडक्या बऱ्याचदा उघडतात. फोटो काढणाऱ्याला त्याच बऱ्या. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी त्स्वायल्युचिनेनला दुभंगते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला जातात. चढताना डब्यावरची पाटी वाचा, नाहीतर बॅगा एका गावात आणि हॉटेल दुसऱ्या गावात. मुलांसाठी फॅमिली कार्ड मोफत मिळतं, त्यावर १६ वर्षांखालची मुलं आई किंवा वडिलांसोबत फुकट फिरतात, पण ते पास घेतानाच मागून घ्यावं लागतं. २५ वर्षांखालच्यांना पासवर ३० टक्के सूट. फ्लेक्स प्रकारचा पास महिनाभरात हवे ते दिवस निवडून वापरता येतो, मात्र तो दिवस गाडीत बसण्याआधी ऑनलाइन चालू करावा लागतो. विसरलात तर विनातिकीट समजतात. तपासनीस पासपोर्टही बघतात, तो जवळ ठेवा.

पास कोणी घेऊ नये? जे इंटरलाकेनला पाच दिवस तळ ठोकून युंगफ्राउयोख, शिल्टहॉर्न, फर्स्ट असे महागडे डोंगरच करणार आहेत, त्यांनी हाफ फेअर कार्डचा हिशेब आधी मांडावा. २०२४ मध्ये ते महिन्याला १२० फ्रँक होतं. त्यावर जवळजवळ सगळ्या तिकिटांना ५० टक्के सूट मिळते, युंगफ्राउयोखलासुद्धा. उलट दर दोन दिवसांनी गाव बदलणाऱ्यांना, बोटी आणि रिगी-श्टान्सरहॉर्न करणाऱ्यांना पासच स्वस्त.

व्हिसाचं मात्र आधी बघा, ऐन मेच्या तोंडावर धावाधाव म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. मे-जूनसाठी मुंबई-पुण्याच्या केंद्रांतल्या वेळा लवकर भरतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्या. सप्टेंबरसाठी मे-जूनमध्ये अर्ज केला तरी चालतो. पास मात्र व्हिसा हातात आल्यावरच विकत घ्या. तो ऑनलाइन मिळतो, निघण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा.