नॉर्मंडीतले बांध: डोझर टँक की क्युलिनचे दात?
दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या नॉर्मंडीत अमेरिकन शर्मन टँक शेतांच्या बांधांनी अडवले, मातीचे उंच बांध, त्यावर मुळं रुतलेली झाडी, टँक वर चढला की पोटाची पातळ प्लेट सरळ जर्मन तोफेसमोर. डोझर टँक, म्हणजे पुढे माती ढकलायचं पातं लावलेला टँक, हा फॅक्टरीतून आलेला भक्कम उपाय, जाड बांधाला तोच बरा, पण होतेच कमी. मला सार्जंट कर्टिस क्युलिनचा जुगाड जास्त भारी वाटतो! जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेले लोखंडी अडथळे कापले आणि त्याचे दात टँकच्या पुढे खाली वेल्ड केले, दात बांधात घुसले की टँकचं तोंड वर उचललंच जात नाही, माती ढकलत थेट आरपार. 25 जुलैच्या ऑपरेशन कोब्रापर्यंत, म्हणजे जर्मन फळी फोडायच्या अमेरिकन हल्ल्यापर्यंत, असे शेकडो टँक तयार होते.