मिरचीतील कॅप पकडणारी दोन प्रथिने

सिल्लोड-भोकरदनच्या शिवारात वाढणाऱ्या मिरचीच्या प्रत्येक पेशीत संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्याची सूचना नेणाऱ्या रेणूच्या) टोकावरची कॅप, म्हणजे मिथिलयुक्त ग्वानोसिन, पकडणारी ईआयएफ-४ई आणि ईआयएफ-आयसो-४ई ही दोन प्रथिने असतात. पहिल्याचा सस्तन पेशींतील भाऊबंद १९७८ मध्ये सुमारे २४ किलोडाल्टनचे प्रथिन म्हणून ओळखला गेला, तर दुसरे केवळ वनस्पतींत आढळते.

दोघांचे मूळ काम एकच: ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या दोन घटकांच्या चिमट्यात कॅप धरायची आणि सोबतच्या मोठ्या प्रथिनामार्फत रायबोसोमचा, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा, लहान उपघटक आरएनएवर आणायचा. हे सोबतचे प्रथिन आयसो प्रकारात जवळपास निम्म्या आकाराचे असते. ईआयएफ-४ई आणि ईआयएफ-आयसो-४ई यांपैकी एक निकामी झाले तरी दुसरे बहुतांशी काम सांभाळते.

खरा फरक विषाणूंपुढे उघड होतो. पोटीव्हायरस या वनस्पती-विषाणूंच्या गटातील आरएनएला कॅप नसते. तिच्या जागी व्हीपीजी हे प्रथिन असते आणि ते याच दोघांपैकी एकाला किंवा दोघांनाही धरते. त्या प्रथिनात बदल झाला की ही पकड सुटते. बटाट्याच्या वाय विषाणूला मिरचीत रोखायला ईआयएफ-४ईमधील बदल, म्हणजे पीव्हीआर-२ हे जनुकरूप, पुरेसा ठरतो. मात्र मिरचीच्या व्हेनल मॉटल विषाणूसाठी आयसो रूपही, म्हणजे पीव्हीआर-६, सोबत बदललेले लागते. त्यामुळे पैदासकाराने एकाच जनुकावर विसंबणे मला अपुरे वाटते. अर्थात आपल्याकडचा चुरडा-मुरडा मुख्यतः पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या बेगोमोव्हायरसमुळे, तसेच फुलकिडे व कोळी यांमुळे होतो, आणि त्यावर हा उपाय नव्हे.