रस्ट कन्व्हर्टर आणि टच-अपची बाटली: पावसाळा काढून मग लिहितेय

गाडी वॅगनआर, रंग मारुतीचा सुपीरियर व्हाइट. रोजचा रस्ता पावस ते रत्नागिरी, भाट्याच्या पुलावरून. समुद्राचा खारा वारा, पावसाळ्यात जांभ्याची लाल माती आणि हायवेच्या कामाची खडी, तिन्ही एकाच गाडीच्या वाट्याला आलेत. त्यामुळे बॉनेटवर खडीचे टवके, दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे आणि मागच्या चाकाच्या कमानीला आतून गंज, हे ठरलेलंच. एका गॅरेजने दोन्ही दरवाजे आणि मागची अख्खी बाजू रंगवायला सांगितली. नखाएवढ्या डागांसाठी कंपनीचा चांगला रंग खरवडून काढायचा हे मला पटलं नाही. कारखान्यात भाजून बसवलेल्या रंगाची सर नंतरच्या रंगाला येत नाही.

म्हणून टॅनिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावून त्याचा घट्ट थर करणारं औषध), प्रायमर आणि कंपनीच्या शेडची टच-अपची छोटी बाटली आणली. काम डिसेंबरात केलं, हवा कोरडी असताना. आता पावसाळा संपत आलाय, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

आधी कन्व्हर्टरबद्दल. दिसायला पातळ दुधासारखा. गंजावर लावला की काही मिनिटांत जांभळट होतो, मग काळाकुट्ट. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की पाणी काळं होतं, पूर्वी शाई अशीच करत. इथेही तेच घडतं. टॅनिन गंजातल्या लोखंडाला धरून ठेवतं आणि वर काळा, घट्ट थर बसतो. डोळ्यांदेखत होणारा हा बदल बघून माझा विश्वास बसला. पण बाटलीवर ठळक लिहायला हवं ते बारीक अक्षरात आहे: सुटा गंज आणि मीठ आधी निघालंच पाहिजे. आमच्याकडे तर मीठ हाच मुख्य शत्रू. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि थराखाली राहिलं तर गंज आतल्या आत चालूच राहतो. मी तारेच्या ब्रशने खरवडलं, ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासलं, कडा ३२०ने उतरत्या केल्या, गोड्या पाण्याने दोनदा धुतलं आणि पूर्ण सुकू दिलं. सगळा वेळ इथेच जातो, आणि तो जाऊ द्यावा.

दरवाजाच्या कडेचा फुगा सुरीच्या टोकाने उचलला तेव्हा रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली तपकिरी भुगा. बाहेरून मसुराएवढं दिसत होतं, आत रुपयाच्या नाण्याएवढं पसरलेलं. फुग्याच्या कडेला थांबायचं नाही, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जायचं. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो, म्हणून जोर बेतानेच लावायचा.

या कडेचं मूळ कारण वेगळंच निघालं. दरवाजाच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती लाल मातीने गच्च बुजली होती. काच वरखाली होताना आत उतरलेलं पाणी तिथेच साचत होतं. नारळाच्या हिराने भोकं मोकळी केली आणि आतून मेणाचा स्प्रे नळीने मारला. हे केलं नाही तर बाहेरून कितीही महागडं औषध लावा, फुगा परत येणार.

कन्व्हर्टर वापरताना थोडा वेगळ्या वाटीत काढून घ्यावा. गंजात बुडवलेला ब्रश परत बाटलीत घातला तर सगळी बाटली खराब होते. चांगल्या रंगावर ओघळ आला तर लगेच ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर डाग राहतो. दोन हात द्यावे, एक पूर्ण दिवस थांबावं आणि वर थिनरवाला प्रायमर मारावा. गेटला लावतो तो रेड ऑक्साइड इथे नको; जाड बसतो, आणि पांढऱ्या रंगाच्या कडेतून लालसर डोकावतो.

टच-अपच्या बाटलीला मी कमी गुण देईन. शेड अचूक आहे, पण झाकणातला ब्रश टवक्यांसाठी फारच जाड. रंगाच्या दुकानातले काका म्हणाले, “ताई, ब्रश ठेवा बाजूला, आगपेटीची काडी घ्या.” तसंच केलं. काडीच्या टोकाने थेंब सोडायचा, सुकू द्यायचा, परत थेंब. आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वर आला की आठवडाभराने २०००च्या वॉटर पेपरने पाणी घालत हलक्या हाताने सपाट करायचा आणि कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट, मारायचं. बॉनेटवरचे टवके आता जवळ वाकून शोधावे लागतात. माझा रंग साधा पांढरा, म्हणून हे जमलं. सिल्व्हर किंवा मोतिया रंगातले चमकीचे कण काडीने स्प्रेसारखे बसत नाहीत, तिथे ठिपका दिसणारच.

आता पावसाळ्यानंतरची स्थिती. बॉनेट उत्तम. दरवाजाची कड उत्तम, बोट फिरवलं तर थोडा उंचवटा लागतो एवढंच. चाकाच्या कमानीच्या आतल्या ओठावर मात्र एका जागी तपकिरी रेघ परत आली. तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबला तर आरपार गेला, म्हणजे पत्रा आतून सडलाय. ते कन्व्हर्टरचं काम नव्हे, आणि लांबी (पुट्टी) भरून झाकण्याचंही नव्हे. लांबी ओल धरते आणि पुढच्या पावसात ढेकूळच गळून पडतं. वरवरचा गंज असेल तर कन्व्हर्टर जरूर घ्या, लहान बाटली पुरते. पत्रा दाबल्यावर कुरकुरला तर ते पैसे वेल्डिंगवाल्यासाठी ठेवा.

कमानीची ती जागा दिवाळीच्या सुट्टीत कापून नवा तुकडा बसवून घेणार आहे. तोवर तिथे ग्रीस लावून ठेवलंय.